न लिहिलेला क्रम

वाळलेल्या हळदीचा वास ओल्या हळदीसारखा नसतो. त्यात मातीचा ओलावा उरलेला नसतो, लग्नघरातली ऊबही नसते. तो कोरडा, किंचित कडवट, बरेच दिवस न उघडलेल्या लाकडी पेटीसारखा वास असतो आणि एकदा कपड्यांत शिरला की धुतल्यावरही रेंगाळतो. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, हळदीच्या एका वखारीवर शालनची कामाची खोली होती. खिडकी उघडी असली की तो वास वाऱ्याबरोबर आत यायचा आणि खिडकी लावून घेतली की फरशीतून झिरपून वर यायचा. त्या दिवशी सकाळी मी साताऱ्यात, माझ्या घरी, दूध तापत ठेवून गॅसपाशी उभी होते. फोन वाजला. शालनचा धाकटा भाऊ दिलीप बोलत होता. "वासंतीताई, ताई गेली. आमी मिरजंतनं निघालोय. तुमी सांगलीला थांबू नका, डायरेक्ट गावात या." उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेल्या माणसाचा आवाज, हुकूम पोचवावा तसा सरळ, कुठेही न चिरकणारा. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मागे दूध उतू जाऊन जळत होतं, त्याचा करपट वास घरभर पसरला असणार. मला तो आला नाही. मला फक्त हळदीचा तो कोरडा वास येत राहिला...

शालन आणि मी साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. मी गावातल्या गावात घर असूनही, घरी पाहुण्यांची वर्दळ म्हणून तिथे आलेली. ती तासगावच्या बाजूच्या एका खेड्यातून, पत्र्याची ट्रंक आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आलेली. मी मराठी घेतलं होतं, तिने गणित. पहिल्या आठवड्यातच तिने माझ्या वहीतली एक कविता उचलून वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "ह्यात कोण कुणाला काय म्हणतंय, ते एकदा साध्या भाषेत सांगशील का गं?" मी चिडले. ती म्हणाली, "चिडू नगंस, वासे. मला खरंच कळून घ्यायचंय." पुढे आयुष्यभर तिचा धंदाच तो झाला, हे मला आज जाणवतं. कपडे धुताना ती काहीतरी गुणगुणायची. पांढरीचं दार, तळवटाचं दार, म्हसोबाचं दार, जांभळीचं, थोरल्या बांधाचं, आणि असं चढत चढत मुखाचं दार. ताल इतका घट्ट होता की मला वाटलं, जात्यावरचं काही असेल. मी विचारलं, ही कुठली ओवी? हातांचा साबण तसाच ठेवून ती हसली. "ओवी कसली? आबांची पाळी हाय ती. पाण्याची."

आबा म्हणजे तिचे वडील. गावच्या तलावातून एक चारी निघते आणि मैलभर वळणं घेत शेतांना पाणी देत जाते. त्या चारीची दारं उघडण्याचं आणि मिटण्याचं काम आबांकडे होतं. ते करणाऱ्याला तिकडे पाटकरी म्हणतात. चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला टेल म्हणतात आणि आबांचं स्वतःचं रान टेलला होतं. जिथे पाणी आधी पोचतं त्या मुखाकडच्यांनी आधी भिजवून घ्यायचं आणि टेलच्यांनी उरलेल्या ओलीकडे बघत बसायचं, अशी पूर्वीची रीत. ती आबांनी मोडली. पाळी टेलपासून सुरू होईल, शेवटचं दार आधी उघडेल आणि मग एकेक दार वर सरकत पाणी मुखाकडे जाईल, हे त्यांनी गावाच्या गळी उतरवलं. त्यापायी काठ्या निघाल्या होत्या, एका भाऊबंदाशी बोलणं कायमचं तुटलं होतं. शालन लहान असताना रात्री आईच्या कुशीत पडून त्या दारांची नावं ऐकायची, कारण आबा झोपेतसुद्धा ती म्हणत. त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट रचली आणि ती म्हणजे हा क्रम.

शालन पुढे सांगलीला स्थिरावली. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर "सवड मिळाली न्हाई" एवढंच सांगायची. ती नक्की काय करते, हे तिच्या गावात कुणालाच धड सांगता येत नसे. मलाही पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. दूध संघ, पतसंस्था, दवाखाने, गूळ-हळदीचे व्यापारी, सगळ्यांची माहिती संगणकावरच्या डेटाबेसमध्ये साठवलेली असते. ती बाहेर काढायची तर प्रश्न विचारावा लागतो, त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात आणि तो ज्या भाषेत विचारायचा तिला एसक्यूएल. वर्षं लोटतात, जुनी प्रणाली बाद होते, संस्था नवी घेते. माहिती नव्या घरात हलवता येते. प्रश्न मात्र तसेच्या तसे चालत नाहीत, कारण भाषा एक असली तरी प्रत्येक प्रणालीची बोली निराळी. ते प्रश्न एका बोलीतून दुसऱ्या बोलीत नेणं हे शालनचं काम. "तुझी साताऱ्याची मराठी आन माझी मराठी एकच न्हवं?" ती मला समजावायची. "तरी माझ्या आईला तुझं निम्मं बोलणं कळायचं न्हाई, आन ती लाजून मान हलवायची. तसंच हाय हे. पहिल्या दहा नोंदी दे म्हणायचं, तर एक यंत्र म्हणतं, दहा हे आधी सांग. दुसरं म्हणतं, सगळं बोलून झालं की शेवटाला सांग. चुकीच्या जागी सांगितलंस तर रुसून बसतं."

तिची काम करण्याची पद्धत तिची स्वतःचीच होती. ओळीखाली ओळ ठेवून ती कधी भाषांतर करत नसे. जुनी क्वेरी शांतपणे वाचायची, मग पडदा बंद करायची आणि तिचा अर्थ एका मराठी वाक्यात मोठ्याने म्हणायची. ते वाक्य ऐकायला तिला कुणीतरी लागे, ज्याला त्या विषयातलं काहीही कळत नाही असं. ते माणूस मी होते. दुपारी कॉलेजातले मराठीचे वर्ग संपवून मी घरी आले की तिचा फोन यायचा. "ऐक. ज्यांनी मागच्या महिन्यात दूध घातलंय, पण ज्यांच्या दुधाची फॅट अजून लागलेली न्हाई, अशा माणसांची नावं. कळलं?" मी म्हणायचे, कळलं. "कोणती माणसं, सांग बघू." मी सांगायचे. "हां. मग आता मला बी कळलं." आणि त्या वाक्यावरून ती नवी क्वेरी नव्या बोलीत कोरी लिहून काढायची. मी एकदा म्हटलं, अगं, हे तर आम्ही कवितेच्या भाषांतराबद्दल शिकवतो. ती म्हणाली, "तुमच्यात चुकलं तर टाळ्या थोड्या कमी पडतात. आमच्यात चुकलं तर कुणाचं तरी रक्त बदलतं." दवाखान्याचं काम चालू होतं तेव्हा तिचं. अलीकडे अशी भाषांतरं चुटकीसरशी करून देणारी साधनं आली आहेत. तीही ती वापरायची आणि त्यांचं कौतुकही करायची. फक्त म्हणायची, "ती लिहिलेलं वाचत्यात, वासे. ऐकत न्हाईत."

गावच्या पाणी वापर संस्थेची जुनी प्रणाली बदलायची ठरली, तेव्हा ते काम शालनने घरचं म्हणून अंगावर घेतलं. आबा आता पाटकरी राहिले नव्हते. एका बाहेरगावच्या माणसाला संस्थेने नेमलं होतं आणि तो संगणकातून निघालेलं पाळीपत्रक बघून दारं उघडायचा. आबांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट लेकीच्या हातून पाळी निघणार म्हणून ते पारावर छाती पुढे काढून बसत. शालनने सगळ्या क्वेऱ्या नेहमीच्या शिस्तीने नव्या बोलीत नेल्या. पाळीपत्रकाचं वाक्यही तिने मला फोनवर म्हणून दाखवलं होतं. "चारीवरची सगळी दारं, त्यांचे खातेदार आणि त्यांचं क्षेत्र दे." किती सरळ वाक्य. मला कळलं, म्हणून तिला कळलं. जुनं पत्रक आणि नवं पत्रक शेजारी ठेवून तिने तपासलं, नावाला नाव, ओळीला ओळ जुळली. आबांनी टेलच्या लोकांना निरोप धाडला, नवा कॉम्प्युटर आलाय, आपापली क्षेत्रं तपासून घ्या, काही चुकलं असलं तर आताच दुरुस्त करा. आबांचा शब्द म्हणून टेलची माणसं सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली आणि आपल्या नोंदी दुरुस्त करून आली.

मग उन्हाळ्याची पाळी आली. ती एकच असते. तलावात राहिलेलं पाणी एकदाच चारीला सुटतं, त्यावर टेलची शेततळी भरतात आणि खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागा त्या तळ्यांवर पुढच्या वर्षी घड देणारी काडी धरतात. आबा त्या आठवड्यात गावात नव्हते. मोतीबिंदू काढायला ते सांगलीला लेकीकडे आले होते. डोळ्यावर पट्टी, खिडकीजवळची खुर्ची, आणि खाली वखारीत पोती उचलणाऱ्या हमालांशी वरूनच गप्पा. मीही त्या वेळी दोन दिवस तिथे होते. दिलीपचा फोन आला तेव्हा शालन त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. "ताई, पाणी वरच्यांनी घेतलं. आपल्याकडं आलंच न्हाई. तलाव आटला." शालन म्हणाली, असं कसं होईल, पत्रक बघितलं का? "पत्रकातच तसं हाय की. वरची आधी, टेल शेवटाला. पाटकऱ्याला इचारलं तर म्हणतोय, कागुद बघा, कॉम्प्युटरनं काढलाय." टेलच्या माणसांनी भांडण का केलं नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर साधं होतं. आबांची पाळी आहे, आबांच्या लेकीने लावली आहे, येईलच पाणी... ते वाट बघत राहिले.

शालनने तिथेच, डोळ्यांचं औषध टेबलावर ठेवून, संगणक उघडला. तिच्या बोटांचा आवाज मला पाठ होता, पण त्या दुपारी तो थांबत, अडखळत येत होता. मग तो पूर्ण थांबला. आबांनी पट्टीखालून विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय न्हाई आबा. बघते." आणि मला डोळ्याने खूण करून जिन्यात घेऊन गेली. वखारीतून येणाऱ्या पिवळ्या धुळीत उभं राहून तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "क्रम कुठंच लिहिलेला नव्हता, वासे. जुन्या क्वेरीत न्हाई, कोष्टकात न्हाई. टेलपासून लाव, असं त्या यंत्राला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ज्या क्रमानं नोंदी आत गेल्या होत्या, त्याच क्रमानं ते बाहेर देत होतं. सवयीनं. नव्या यंत्राला ती सवय न्हाई. तिथं नोंदीत बदल केला की ती नोंद उचलून मागं ठेवली जाती. टेलवाल्यांनी नोंदी दुरुस्त केल्या, आन ते सगळ्यांच्या मागं गेले. जे लिहिलं होतं ते सगळं मी नेलं गं. जे लिहिलंच नव्हतं ते मागं राहिलं." मी म्हटलं, मग ही तुझी चूक कशी? ती म्हणाली, "मी टेलची न्हवं का? मला झोपेत उठवून इचारलं असतं तरी सांगितलं असतं, पाणी कुठून सुटतं ते. मला ते इतकं पाठ होतं की मी ते विचारलंच न्हाई."

शाळेच्या पटांगणात संस्थेची बैठक झाली. शालनने मला सोबत नेलं. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली माणसं दाटीने बसली होती, तंबाखूचा आणि घामाचा उग्र वास कोंडून राहिला होता. पुढे बाकावर आबा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. चेअरमननी विचारलं, हे कसं झालं, कुणाकडून झालं? कुणीतरी मागून म्हणालं, "आदी पाटकरी बाहेरचा, आता अक्कल बी बाहेरची." हसू आलं, पण ते लगेच विझलं. शालन उभी राहिली. म्हणाली, "माझ्याकडनं झालं. क्रम लावायचा राहिला." बस, इतकंच. टेलच्या रांगेतून तात्या नावाचे एक म्हातारे उठले, आबांच्या बरोबरीचे, सगळ्या भांडणांत त्यांच्या बाजूने उभे राहिलेले. ते ओरडले नाहीत. आबांकडे बघत संथपणे म्हणाले, "गड्या, आपन येवढी डोकी फोडून घेतली, आन टेलच्या पोरीनंच टेल मारलं की रं." आबांनी मान खाली घातली. बाकाखाली पडलेली एक काडी ते पायाच्या अंगठ्याने इकडून तिकडे सरकवत राहिले. मी वाट बघत होते, ते आता काहीतरी बोलतील. शालनही बघत होती. उभीच होती ती, पदराचं टोक मुठीत धरून. बैठक संपली.

परतताना एसटीत तिने उरलेलं सांगितलं. संस्थेचा पहिला संगणक आला, तेव्हा ती नुकती नोकरीला लागली होती. दारांची यादी संगणकात तिनेच घातली होती. आबा शेजारी बसून एकेक दार सांगत होते, पांढरीपासून, टेलपासून, नेहमीच्या तालात. तिने विचारलं होतं, "आबा, पुढं नंबर घालू का? पहिलं दार, दुसरं दार, असं?" आणि आबांनी तिचा हात धरून थांबवला होता. "नंबर नगं. आकडा दिसला की त्यो बदलायला मागणारा बी येतो. मी सांगतोय तसंच घाल, गप." तिने तसंच घातलं. ज्या क्रमासाठी आयुष्य वेचलं तो कागदावर आला की भांडणाचा विषय होईल, या भीतीने आबांनीच तो लिहू दिला नव्हता. मी म्हटलं, मग हे तू बैठकीत का नाही सांगितलंस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय सांगू? आबांमुळं टेल वाळलं म्हणून सांगू? आन वरचे काय म्हणतील... बघा, नियम कुठं लिहिलेलाच न्हाई, मग कसली टेलची पाळी? त्यांनी उभं केलेलं सगळं एका बैठकीत मोडलं असतं. माझं काय, मी सांगलीत राहते." थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "पण त्यांना आठवत असंल का गं? त्यांनी माझा हात धरला होता ते? आठवत असलं तर ते बोलतील. आज न्हाई, पण बोलतील." मी म्हटलं, बोलतील.

तिने नंबरांचा एक रकाना वाढवला, क्वेरीच्या शेवटी क्रमाची एक ओळ घातली आणि पुढची पाळी टेलपासून सुटली. तो आकडा बदलायला कुणीही आलं नाही. पण त्या उन्हाळ्याने जायचं ते नेलं होतं. पुढच्या हंगामात टेलच्या बागांना घड विरळ लागले. तात्यांनी आपली बाग उपटून काढली, मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल रानाच्या कडेला ढिगाने पडून राहिले. आबांच्या बागेचं पीकही तसंच गेलं, बाग मात्र त्यांनी ठेवली. शालनचं गावाला जाणं कमी झालं. भाच्याच्या साखरपुड्यात वाढताना पंगतीतल्या एकाने ताट पुढे करत म्हटलं, "बाई, आमच्याकडनं सुरवात करा, न्हाईतर आमी ऱ्हायचो शेवटाला," आणि सगळी पंगत हसली. तीही हसली. मला ते तिने फोनवर विनोद म्हणून सांगितलं, आणि मग फोनवर नुसताच पंख्याचा आवाज येत राहिला. आबा तिच्याशी बोलत नव्हते असं नाही. ते सांगलीला येत, तिला म्हशीचं सांगत, दिलीपच्या तापटपणाचं सांगत, पावसाचं सांगत. पाणी हा विषय सोडून सगळ्या विषयांवर बोलत. तेवढा एक रकाना त्यांनी कोरा ठेवला होता.

मग दुखणं आलं. पोटातलं होतं आणि उशिरा कळलं. मिरजेच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली होती, पण तिला उजेड सोसत नव्हता, म्हणून पडदा कायम ओढलेला. फिनेलचा आणि सलाइनच्या नळीचा तो फिकट वास मला अजून जिभेवर जाणवतो. आबा एसटीने यायचे, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली द्राक्षं घेऊन. तिला साल गिळवत नसे. ते स्टुलावर बसून, नखांनी एकेका मण्याची साल काढून, बिया काढून, तो नितळ हिरवा गर तिच्या ओठांत सरकवत. मी असं प्रेम फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. आणि तरीही... ती प्रत्येक मणी तोंडात घेताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे, आणि ते मण्याकडे. ते गेले की मी विचारायचे, "बोलले?" ती म्हणायची, "बोलले की. काळं वासरू झालंय म्हणाले." शेवटच्या भेटीत तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला. "वासे, आबांचं एक वाक्य गं. लांब नगं. तुला कळलं असतं, असलं साधं." मी तिचा हात धरून बसले. मला भाषेचं सगळं शिक्षण मिळालेलं आहे. तिला देण्यासारखं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं, कारण ते माझं नव्हतंच.

गावात पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. सरणाकडे जाताना, चारीच्या कडेने वाट जाते तिथे, दोन माणसं माझ्या पुढे चालत होती. एक परगावचा असावा. त्याने विचारलं, कोण गेलं? दुसरा म्हणाला, "आबांची थोरली. ती न्हवं का, टेलचं पाणी घालवल्याली." त्यात दुष्टपणा नव्हता. ओळख सांगावी तशी त्याने ओळख सांगितली. इतकी वर्षं तिने लोकांचे प्रश्न एका बोलीतून दुसऱ्या बोलीत नेले, कित्येक दवाखान्यांत योग्य माणसाच्या नावापुढे योग्य रक्त उभं राहिलं, आणि तिच्या मातीत तिच्यामागे उरलं ते हे एक वाक्य. लाकडं पेटली. धूर चारीवरून टेलकडे गेला. मला तेव्हाही रडू आलं नाही. फक्त वाटत राहिलं की जगात काहीही नीट पोचत नाही, ना पाणी, ना अर्थ, ना माया.

गावाचं नाव मी लिहीत नाही, तलावाचंही नाही. पण ज्या वर्तमानपत्रासाठी मी हे लिहिते आहे ते त्या गावात जातं, आणि म्हणूनच मी लिहिते आहे. हे छापून आल्यावर आबांकडे लोक कसे बघतील, याचा मी विचार केला आहे. शालनकडे कसे बघत होते, तेही मी पाहिलं आहे. ती असती तर तिने मला हे लिहू दिलं नसतं. ती नाही. कुणाच्या मृत्यूतून काही शिकावं, सावरावं, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला तसं काही सापडलेलं नाही. आता दुपारी चार वाजता फोन वाजला तरी तो तिचा नसतो, आणि माझ्या कळण्याची कुणाला गरज उरलेली नाही.

लिहिण्याआधी मी एकदा आबांना भेटून आले. वाटलं होतं, त्यांना आठवत नसेल. म्हातारं माणूस, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दुपारी लेकीचा हात धरून आपण काय म्हणालो ते कुणाच्या ध्यानात राहतं? त्यांना सत्य सांगावं, ते हादरतील, रडतील, आणि तिच्यासाठी नाही तरी तिच्या नावासाठी ते एक वाक्य कुठेतरी उच्चारलं जाईल, एवढीच माझी आशा होती. ते बागेत होते. छाटणीनंतरचे कोवळे फुटवे विरळत होते, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं. तुटलेल्या फुटव्यांचा आंबूस, ओला वास सगळ्या मांडवाखाली भरला होता. "चा घितला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घेतला. "दिल्यानं साखर लय घातली असंल." मी हो म्हटलं. मग मी सांगायला सुरुवात केली. पहिला संगणक, ती दुपार, पांढरीपासून सांगितलेली दारं. तिने विचारलं होतं, नंबर घालू का. तुम्ही नको म्हणालात. बैठकीत तिने तुमचं नाव घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही, दवाखान्यातही नाही. त्यांचा हात एका फुटव्यापाशी थांबला होता. तो त्यांनी तोडला नाही आणि सोडलाही नाही. मी म्हटलं, "आबा, ती चूक शालनची नव्हती."

ते माझ्याकडे वळले नाहीत. त्या फुटव्याकडे बघत, जणू फार दिवसांपूर्वीच कुणीतरी हे विचारायला हवं होतं अशा थकलेल्या आवाजात, ते एवढंच म्हणाले,

"ठावं हाय."